गणपतीला गावी जाण्याआधी 'तिकडचं' बरं करायचंय? मग हे वाचा

दरवर्षी गणपतीच्या पंधरा दिवस आधी आमच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर गर्दी वाढते. मुंबई मनपाच्या एका रुग्णालयात मी सुरक्षा क्लिनिकची, म्हणजे संबंधातून लागणाऱ्या आजारांच्या (गुप्तरोगांच्या) दवाखान्याची, समुपदेशक आहे, त्याला आता तेरा वर्षं झाली. बाकड्यावरच्या बऱ्याच जणांच्या खिशात कोकणच्या गाडीचं तिकीट असतं आणि तोंडात एकच प्रश्न: "मॅडम, परवा निघायचंय. एका गोळीत होईल ना?"

कधी कधी होतं. पण ती गोळी कुठली, ती कोणी द्यायची आणि घरी वाट बघणाऱ्या माणसाचं काय, हे ठरवल्याशिवाय नाही. तेच इथे लिहितेय. एक माणूस सोबत घेऊन सांगते म्हणजे सोपं जाईल. ओळख कळू नये म्हणून त्याचे तपशील बदललेत.

वय चौतीस, गाडी चालवतो, परळला चुलत्याकडे राहतो, बायको-मुलगी संगमेश्वरकडे. खुर्चीवर अर्धाच टेकला. "मॅडम, थोडी गरमी झाली होती. तशी बरीच होत आलीय. गावी जायच्या आधी एकदा दाखवून घेतो म्हटलं."

आधी हे शब्द नीट घेऊ, कारण निम्मा गोंधळ तिथेच असतो. जुनी माणसं सिफिलिसला गरमी म्हणत, गोनोरियाला परमा, आणि जांघेत गाठ सुजून आली की बद आली म्हणत. आज 'गरमी झाली' म्हणजे उसळ जास्त खाल्ली, उन्हात फिरलो, लघवीला जळजळतंय, असं काहीही असू शकतं. म्हणून आमच्याकडे आलात की आजाराचं नाव सांगू नका, काय दिसतंय ते सांगा. लघवीच्या जागेतून पू येतो. तिथे फोड किंवा जखम आहे. दुखते, किंवा अजिबात दुखत नाही. जांघेत गाठ आहे. बायकांनी सांगायचं: अंगावरून पांढरं जातं, त्याला वास आहे का, रंग कसा, खाज आहे का, ओटीपोटात दुखतं का, संबंधानंतर रक्त जातं का. 'तिकडे काहीतरी झालंय' एवढ्यावर थांबलात तर मला ते बाहेर काढायला वीस मिनिटं जातात आणि बाकड्यावर माणसं वाढत राहतात.

न दुखणाऱ्या जखमेला मी सगळ्यात जास्त घाबरते. सिफिलिसची पहिली जखम बहुतेक वेळा एकच असते, कडांना टणक, आणि दुखत नाही. तीन ते सहा आठवड्यांत ती आपली आपण भरते. माणूस म्हणतो, चला, गेलं. गेलेलं काहीच नसतं. काही आठवड्यांनी तळहात-तळपायांवर पुरळ येतं, न खाजणारं. त्याला लोक ॲलर्जी समजतात. मग तेही जातं आणि आजार वर्षानुवर्षं आत गप्प बसून राहतो. आमच्या ड्रायव्हरदादाची 'बरीच होत आलेली' गरमी ती हीच. जखम महिन्याभराची होती आणि भरत आली होती. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली तेव्हा तो घरी जाऊन आला होता. तेव्हाही ती जखम होती.

मधल्या काळात त्याने काय केलं होतं? सगळे करतात तेच. आधी नाक्यावरच्या मेडिकलमधून 'खाजेचं क्रीम'. यातल्या बऱ्याच क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. त्याने लाली उतरते, जखमेचं रूप बदलतं, मग डॉक्टरलाही ओळखायला कठीण जातं. नंतर कोणीतरी सांगितलं म्हणून सिप्रो या अँटिबायोटिकच्या गोळ्या. सिफिलिसवर तिचा उपयोग नाही, आणि परम्याचे जंतू तिला केव्हाच सरावलेत. शेवटी लोकलच्या डब्यात चिकटवलेला कागद, 'गुप्तरोगाचा खात्रीने इलाज', फोन नंबरासकट. तिथे किती पैसे गेले ते त्याने मला सांगितलं नाही, फक्त खाली बघितलं. तेव्हा पहिली पायरी हीच: काहीही लावू नका, उरलेल्या गोळ्या घेऊ नका, कडक जंतुनाशकाने धुऊ नका. साध्या पाण्याने धुवा आणि तसेच या.

कुठे यायचं? केईएम, सायन, नायर, कूपर, किंवा सरकारी जे.जे.; मोठ्या रुग्णालयात त्वचा विभागात ही सोय असते. सकाळी लवकर या, केसपेपरच्या खिडकीवर 'स्कीन' म्हणा. खिडकीवरच्या माणसाला त्याहून जास्त सांगायची गरज नाही आणि मागे उभ्या असलेल्याला तर मुळीच नाही. सुरक्षा क्लिनिक हे नावही लाजेवर उपाय म्हणूनच आलं. 'गुप्तरोग' लिहिलेल्या पाटीखाली उभं राहायला कोणी तयार नसायचं. देशात गुप्तरोग नियंत्रणाचा सरकारी कार्यक्रम १९४६ पासूनचा, एचआयव्ही यायच्या कितीतरी आधीचा. १९९२ मध्ये तो एड्स नियंत्रण कार्यक्रमात मिसळला. मुंबईत हे काम मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था बघते. घराजवळचं केंद्र शोधायचं असेल तर १०९७ वर फोन करा. नाव न सांगता बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

निघताना दोन गोष्टी सांभाळा. पुरुषांनी, पू येत असेल तर तपासणीच्या आधी दोनेक तास लघवी करू नये; नमुना नीट मिळतो. बायकांनी आतून धुऊन येऊ नये. आणि पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर सिस्टर सोबत हवी असं सरळ सांगावं, तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

आत गेल्यावर डॉक्टर बघतील, रक्त काढतील, पण रिपोर्टसाठी औषध अडवून ठेवत नाहीत. लक्षणांचा गट बघून त्याच फेरीत औषध द्यायचं ही पद्धत आहे, कारण रिपोर्ट घ्यायला परत येणारे कमी, हा अनुभव आहे. त्यासाठी सरकारी किट ठरलेली आहेत, रंगावरून ओळखायची. पू असेल तर राखाडी, पांढरं जात असेल तर हिरवं, जखमेला पांढरं, नागिणीसारखे बारीक फोड असतील तर लाल, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं. हे रंग पाठ करून मेडिकलवाल्याला सांगायला जाऊ नका, तिथे हे मिळत नाही. एकदाच घ्यायची गोळी आम्ही समोरच घ्यायला लावतो. खोलीत पाण्याचं स्टीलचं पिंप आहे, पेला साखळीने बांधलेला, कारण आधीचे दोन गेले. उपाशीपोटी आलात तर मळमळेल, म्हणून काहीतरी खाऊन या. तासाभरात उलटी झाली तर परत येऊन सांगा. हिरव्या किटवर दारू चालत नाही. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते, बायकांनाही. त्या हसतात.

ड्रायव्हरदादाला पांढरं किट. त्यात बेन्झाथिन पेनिसिलिन असतं. शोध जुना, पण सिफिलिसवर आजही पहिली निवड हीच. आमच्या सिस्टर ती बाटली दोन तळहातांत धरून घुसळतात, ताक घुसळल्यासारखी, कारण औषध दाट असतं आणि सुई तुंबते. आधी ॲलर्जीची विचारपूस आणि हातावर टेस्ट. मग अर्धं उजव्या कुल्ल्यात, अर्धं डाव्या. हळूहळू, एकेक सेकंद मोजत. दुखतं. खोटं कशाला सांगू, बरंच दुखतं. त्या रात्री ताप येऊ शकतो, अंग मोडून येतं. जंतू मरताना तसं होतं, घाबरायचं नाही. त्यानंतर अर्धा तास बाकड्यावर बसवून ठेवतो. तो अर्धा तास माझा.

त्या अर्ध्या तासात पहिलं काम एचआयव्हीची चाचणी. दादा उसळला. "त्याचं काय मध्येच? मी तसला नाही."

तसल्या-असल्याचा प्रश्न नाही. जखम म्हणजे कातडीचं दार उघडं. त्यात जखमेच्या जागी शरीर ज्या पेशींची फौज पाठवतं, नेमक्या त्याच पेशी एचआयव्हीला घर करायला हव्या असतात. आणि ज्याला एचआयव्ही आहे पण उपचार नाहीत, त्याला परमा झाला तर त्याच्या वीर्यातला विषाणू वाढतो. आफ्रिकेतल्या मलावीत १९९७ मध्ये मोजलं होतं: मूत्रमार्गाला सूज असलेल्या पुरुषांच्या वीर्यात तो आठपट होता, आणि साध्या अँटिबायोटिकनंतर दोन आठवड्यांत उतरला. दोन्ही बाजूंनी दार उघडं.

आम्हाला प्रशिक्षणात डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या, त्या मला फार पटल्या. टांझानियात म्वान्झा भागात गावच्या दवाखान्यांत लक्षणं घेऊन येणाऱ्याला रोजच्या रोज नीट औषध मिळेल अशी व्यवस्था केली. एचआयव्हीची नवी लागण साधारण ४० टक्क्यांनी कमी झाली. हे १९९५ मध्ये छापून आलं. शेजारच्या युगांडात राकाईमध्ये दर दहा महिन्यांनी सरसकट सगळ्यांना गोळ्या दिल्या, तिथे एचआयव्हीत फरक पडला नाही. दोन्हीकडे साथीची अवस्था वेगळी होती, त्यामुळे सरळ तुलना करता येत नाही, हे खरंच. पण माझ्या बाकड्यापुरता अर्थ मी लावलाय: ज्याला आज जखम आहे, त्याला आजच औषध मिळालं पाहिजे. दहा महिन्यांनी वाटलेली गोळी त्याच्या कामाची नाही. म्हणून गावी जायच्या आधी का होईना, आलात हे बरंच केलंत.

तर चाचणी त्याच इमारतीत होते, मोफत, बहुतेक वेळा त्याच दिवशी निकाल. तुमची संमती लागते आणि कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर निकाल तुमच्या संमतीशिवाय कोणाला सांगता येत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात हे स्पष्ट आहे. चाचणीच्या पहिल्या किटवर रिॲक्टिव्ह, म्हणजे लागण असावी असं, दिसलं तरी लगेच काही ठरवत नाहीत, वेगळ्या किटांनी पुन्हा तपासतात. निगेटिव्ह आलं तर नाचत निघू नका. नुकतीच लागण झाली असेल तर चाचणीत दिसायला वेळ लागतो, म्हणून तीन महिन्यांनी परत. पॉझिटिव्ह आलं तर गोळ्या लगेच सुरू होतात, मोफत, आणि त्या नियमित घेऊन विषाणू मोजता येणार नाही इतका दबला की संबंधातून जोडीदाराला लागत नाही. हे वाक्य मी तीन-चारदा म्हणते, कारण पहिल्यांदा ते कोणाच्या कानात शिरत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग.

"दादा, वहिनींनाही औषध लागेल."

"तिला काय झालंय? तिला काही त्रास नाही."

त्रास नसतो, हीच तर अडचण. परमा आणि त्याच्यासारखाच संबंधातून लागणारा क्लॅमिडिया बाईच्या आत महिनोन्‌महिने काही न कळता राहतात, आणि कळतात ते मूल राहत नाही म्हणून दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होतात तेव्हा. सिफिलिस असताना दिवस राहिले तर तो बाळाला जातो. म्हणूनच गरोदरपणातल्या पहिल्या तपासणीत एचआयव्हीबरोबर त्याचीही टेस्ट करतात, ती चुकवू नका. आणि एकट्याने औषध घेतलं तर दोघांत चेंडूसारखं चालतं. याने बरं व्हायचं, तिच्याकडून परत घ्यायचं. मागच्या तीन महिन्यांत ज्यांच्याशी संबंध आला, त्या सगळ्यांना त्रास असो-नसो उपचार हवेत. सगळ्यांना, म्हणजे बायकोशिवाय जी कोणी असेल तिला किंवा त्यालाही.

सांगायचं कसं? माझ्याकडे माणसं सराव करतात. मी बायको होते, ते बोलतात. जे चालतं ते असं: "मला इन्फेक्शन झालंय. औषध चालू केलंय. डॉक्टर म्हणाले दोघांनी घेतलं नाही तर परत होतं, तर उद्या जाऊन येऊ." एवढंच. कुठून आलं, केव्हा आलं, हा प्रश्न येणारच. त्याला खोटं उत्तर देऊ नका. संडासातून लागलं, हॉटेलच्या टॉवेलमधून लागलं, हे तर मुळीच नको. "त्यावर आपण बोलू, आधी औषध घे" असं म्हणता येतं. ज्यांना तोंडाने जमत नाही त्यांना आम्ही चिठ्ठी देतो. त्यावर आजाराचं नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. ती दाखवून जोडीदाराने यायचं. घरी मारहाणीची भीती असेल तर ते मला आधी सांगा, मग वेगळा रस्ता काढू.

इथे माझी एक चूक सांगते. नोकरीचं पहिलंच वर्ष. एक बाई पांढरं जातंय म्हणून आली. मी पुस्तकातलं वाचून टाकलं: "नवऱ्यालाही घेऊन या, त्यांनाही औषध लागेल." ती घरी गेली, सासूसमोर भांडण झालं, नवरा म्हणाला मी कुठे जात नाही, मग हे तुला कुठून आलं? महिन्याभराने तिची जाऊ मला हे सांगायला आली. ती स्वतः परत आली नाही. आणि तिला बहुधा साधी बुरशी होती! पांढरं जाणं प्रत्येक वेळी संबंधातून आलेलं नसतं. आतले नेहमीचे जंतू कमी-जास्त झाले, मधुमेह असला, अँटिबायोटिक जास्त झालं, तरी होतं. दह्यासारखं आणि खाज असेल तर बहुतेक बुरशी, आणि तिच्यासाठी नवऱ्याला बोलवायची गरज पडत नाही. गर्भाशयाच्या तोंडाला सूज आहे का हे डॉक्टरांनी आतून बघितल्याशिवाय आता मी 'जोडीदार' हा शब्द तोंडातून काढत नाही. तुम्हीही, घरात कोणाला पांढरं जातंय म्हणून लगेच संशयाची फाइल उघडू नका.

निरोधचं थोडक्यात. आमच्या दाराजवळ खोका आहे, मागायला लागत नाही, हात घाला आणि घ्या. मागच्या खिशातल्या पाकिटात महिनाभर ठेवून लोकलमध्ये त्यावर बसू नका. आणि खोबरेल लावू नका. कोकणातल्या माणसाला हे सांगणं म्हणजे धर्मावर घाला, पण तेलाने रबर फाटतं. पाण्यात विरघळणारं जेल वापरा. निरोधने एचआयव्ही आणि परमा चांगला रोखला जातो, पण जखम झाकली जाणार नाही अशा जागी असेल तर सिफिलिस किंवा नागिणीसारखे फोड लागू शकतात, म्हणून बरं होईपर्यंत संबंध नकोच. निरोध फाटला, आणि समोरच्याला एचआयव्ही असण्याची शक्यता असेल, तर ७२ तासांच्या आत रुग्णालय गाठा. जितकं लवकर तितकं बरं. २८ दिवसांच्या गोळ्या असतात. "सोमवारी बघू" हे इथे चालत नाही.

पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांनी तोंडाचं आणि गुदद्वाराचं स्वतःहून सांगावं. डॉक्टर दरवेळी विचारत नाहीत, आणि पुढून सगळं ठीक दिसतं. आमच्याकडे बोलायला जड जात असेल तर वाकोल्याला हमसफर ट्रस्ट ही अशा पुरुषांसाठी काम करणारी संस्था आहे, १९९४ पासून.

एक मनातलं बोलून घेते. कामाठीपुऱ्यात धंदा करणाऱ्या बाईची एड्स नियंत्रण कार्यक्रमातून दर तीन महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून दोनदा सिफिलिसची टेस्ट व्हावी असं ठरलेलं आहे. ती तारीख स्वतः लक्षात ठेवून येणाऱ्या बायका मी बघितल्यात. सोसायटीत राहणारे साहेब मात्र बायकोच्या गरोदरपणात जेवढी टेस्ट झाली तेवढ्यावर आयुष्य काढतात. आणि लाजतं कोण, तर साहेब.

ड्रायव्हरदादाची एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आली. सिफिलिसची रक्तचाचणी, व्हीडीआरएल, मात्र पॉझिटिव्ह, १:३२. मी त्याला तालुक्याच्या सरकारी रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली आणि सांगितलं, गणपतीला जा, आरती कर, पण वहिनींना औषध मिळून सात दिवस होईपर्यंत आणि तुझी जखम पूर्ण भरेपर्यंत वेगळा झोप. पाहुण्यांनी भरलेल्या घरात ते तसं सोपंच असतं.

अकराव्या दिवशी फोन. आवाज चढलेला. "मॅडम, तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय तरी त्यांनी तिला सुई मारली!" बरोबरच केलं त्यांनी. लागण होऊन थोडेच आठवडे झाले असतील तर रक्तात दिसत नाही, आणि दिसेपर्यंत थांबायचं नसतं. तिने काय विचारलं, त्याने काय सांगितलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी विचारलं नाही.

औषध झालं की काम संपत नाही. परमा असेल तर आठवड्याने तोंड दाखवून जायचं. सिफिलिसला तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी रक्त. व्हीडीआरएलचा तो १:३२ मधला दुसरा आकडा सहा महिन्यांत निदान चौपट खाली यायला हवा, म्हणजे ३२ चा ८ किंवा त्याहून कमी. टीपीएचए नावाची दुसरी टेस्ट बरं झाल्यावरही बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्ह येते. पुढे कुठे परदेशी नोकरीच्या मेडिकलमध्ये ती निघाली तर घाबरू नये म्हणून उपचाराचा कागद जपून ठेवा.

डिसेंबरात तो एचआयव्हीच्या दुसऱ्या चाचणीला आला, निगेटिव्ह. सहा महिने व्हायला आले तेव्हा परत आला, या वेळी खुर्चीवर पूर्ण बसला. दुधाच्या रिकाम्या पिशवीत घडी घातलेले कागद होते, बायकोचा गावचा दुसरा रिपोर्टही त्यात. तिचा निगेटिव्ह. याचा १:४.

मी आकडा दाखवला. त्याने कागद परत पिशवीत घातले, रबर लावलं आणि विचारलं, "म्हणजे मॅडम, शिमग्याला पालखीला जाऊ ना?"